कुरडया, कबुतरं आणि एक जुना वेबकॅम

मे महिन्यात आमच्या ठाण्याच्या घरी गॅलरीला भलतंच महत्त्व येतं. सोसायटीच्या गच्चीला कुलूप, म्हणून आईच्या कुरडया गॅलरीतल्या खाटेवर वाळतात आणि एसीच्या डब्यावर बसलेली कबुतरं त्यांच्यावर डोळा ठेवून असतात. म्हटलं, जुना वेबकॅम पडलाय, कबूतर दिसलं की बझर वाजेल असं काहीतरी करू. आईची अट एकच: "कावळ्याला हाकलायचं नाही." म्हणजे नुसती हालचाल टिपून भागणार नव्हतं, कोण आलंय ते ओळखणं आलं.

वेबकॅमची सुरुवातच असल्या घरगुती गरजेतून झाली. 1991 साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला होता, उठून जाण्याआधी कॉफी उरलीय का ते कळावं म्हणून. भांडं भरलंय की रिकामं, हे मात्र बघणाऱ्यानेच ठरवायचं. मला तेवढं ठरवणंही यंत्राच्या गळ्यात मारायचं होतं.

शून्यापासून शिकवायचं तर लाखो फोटो हवेत. पण गूगलने 2017 मध्ये खुलं केलेलं 'मोबाइलनेट' नावाचं आटोपशीर न्यूरल जाळं (म्हणजे उदाहरणं बघून चित्रं ओळखायला शिकणारा, गणिताच्या थरांवर थर रचलेला प्रोग्राम) फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. 'इमेजनेट' या नावं लावलेल्या फोटोंच्या संग्रहातल्या सुमारे 12 लाख फोटोंवर ते 1000 प्रकार ओळखायला शिकलेलं असतं. गंमत म्हणजे त्या हजारांत भारद्वाज आहे, बुलबुल आहे, फ्लेमिंगोही आहे. कबूतर नाही आणि कावळाही नाही! (यादी ठाणेकराने केली असती तर श्रीगणेशाच कबुतराने झाला असता.) तरी अडत नाही. जाळ्याचे आतले थर कडा, पोत, पिसांसारखी नक्षी हेरायला शिकलेले असतात. ते तसेच ठेवायचे आणि निकाल देणारा शेवटचा थर तेवढा काढून आपला बसवायचा. माझे खाने तीन: कबूतर, कावळा, कोणी नाही.

दर दोन सेकंदांनी एक असे आठवडाभर फोटो काढले. आई शेंगा सोलता सोलता "कबूतर, कबूतर, काही नाही, कबूतर" सांगायची आणि मी कळ दाबायचो. मग पत्त्यांसारखे फोटो पिसले, बहुतेकांवर यंत्राला शिकवलं, उरलेल्यांवर परीक्षा घेतली. 100 पैकी 98! दुसऱ्या दिवशी वळवाचं मळभ आलं. कबुतरांनी खाटेचा एक कोपरा साफ केला आणि बझर गप्प.

ते 98 म्हणजे पेपर फुटला होता. दोन सेकंदांच्या अंतराने काढलेले दोन फोटो म्हणजे जुळी भावंडं. एक शिकवणीत, दुसरं परीक्षेत, मग मार्क पडणारच. फोटो पिसायचे नसतात, दिवस वाटायचे असतात: सोमवार ते शुक्रवार शिकवणी, शनिवारी परीक्षा.

तरी मळभाचं कोडं सुटेना. मग एका फोटोतल्या कबुतरावर राखाडी चौकोन चिकटवला आणि यंत्राला विचारलं. उत्तर: कबूतर. तोच चौकोन खाटेवर पडलेल्या ग्रिलच्या सावलीवर सरकवला, तर उत्तर बदलून 'कोणी नाही'! आमची कबुतरं सकाळच्या उन्हात येतात आणि तेव्हाच ग्रिलच्या तिरप्या सावल्या खाटेवर पडतात. यंत्राने कबूतर पाहिलंच नव्हतं, सावली पाठ केली होती. त्यात माझाही हात होता. 640 ठिपके रुंद चित्र मी जाळ्यासाठी 224 वर आणत होतो, त्यात 60 ठिपक्यांचं कबूतर जेमतेम 21 ठिपके उरायचं. सावली मात्र खाटभर. मग फक्त खाटेपुरतं चित्र कापलं, संध्याकाळचे आणि ढगाळ दिवसांचे फोटो घातले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मग एक साळुंकी आली. यंत्र म्हणालं, कावळा, 91 टक्के. त्याचा तरी काय दोष? तीन खान्यांची बेरीज त्याला 100 करायचीच असते, "माहीत नाही" म्हणायला जागाच नाही.

"मग दे की जागा," आई म्हणाली.

आता 'इतर' असा चौथा खाना आहे. त्यात साळुंक्या आहेत, चिमण्या आहेत, एक खार आहे आणि कुरडया उलटणारा आईचा हात आहे.