कार्यसंस्कृती

एखाद्या संस्थेत काम कसे चालते, वरिष्ठांशी कसे बोलायचे, चूक झाली तर सांगायची की झाकायची, याबद्दल तिथल्या माणसांच्या अंगवळणी पडलेल्या आणि बहुतेक कुठेच न लिहिलेल्या रीतींना कार्यसंस्कृती म्हणतात. नव्या माणसाला ती नियमपुस्तिकेतून कळत नाही. काम संपले तरी साहेब निघेपर्यंत कोणी जागचे हलत नाही, हे पहिल्या आठवड्यात दिसले की निम्मी संस्कृती उमगते. कर्मचारी कामात मनापासून गुंतलेले असणे, म्हणजे कंपन्यांच्या बोलीतली ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’, हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जातो. पण या रीतींपासून तो वेगळा काढता येत नाही.

या अभ्यासाचा उगम शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांत शोधतात. दिव्यांचा उजेड कमीजास्त करून उत्पादनावर काय परिणाम होतो हे पाहण्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याच्या निष्कर्षांवर पुढे बरेच आक्षेपही आले. त्यापेक्षा बोलका आहे तो अखेरचा प्रयोग. १९३१-३२ मध्ये टेलिफोन यंत्रणेच्या तारा जोडणारे १४ कामगार एका खोलीत बसवून त्यांच्यात एक निरीक्षक ठेवला गेला. मजुरी गटाच्या एकूण कामावर होती, म्हणजे काम वाढले तर सगळ्यांचाच फायदा. तरी दिवसाकाठी किती संच पुरे करायचे हे त्यांनी आपसांत ठरवून टाकले होते. कोणी फार झपाट्याने हात चालवला तर शेजारी त्याच्या दंडावर बुक्की मारी. जास्तीचे काम झालेच तर ते त्या दिवशी नोंदवायचे नाही, हात मंद चालेल त्या दिवशी दाखवायचे. आकडा वाढलेला दिसला की दर कापतील किंवा माणसे कमी करतील, ही त्यामागची धास्ती. त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे, पण खरा आकडा सांगितल्याचे फळ काय मिळेल याचा त्यांनी आपल्या परीने हिशेब केला होता.

‘संस्कृती’ हा मानववंशशास्त्राचा शब्द कारखान्याला लावला तो एलियट जॅक्स यांनी, लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनीच्या १९५१ मधील अभ्यासात. १९७९ मध्ये अँड्र्यू पेटिग्रू यांच्या लेखाने तो व्यवस्थापनशास्त्रात रुळला. एडगर शाईन यांनी संस्कृतीचे तीन थर सांगितले. डोळ्यांना दिसणारी मांडणी आणि रिवाज हा वरचा, संस्था तोंडाने सांगते ती मूल्ये हा मधला आणि कोणी बोलूनही दाखवत नाही अशी गृहीतके हा तळाचा. मधल्या थरावर फारसे विसंबू नये. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही एन्रॉन कंपनीची जाहीर मूल्ये होती. २००१ च्या डिसेंबरात हिशेबातल्या लबाडीपायी तिचे दिवाळे निघाले.

माणूस कामात कधी जीव ओततो, याचा शोध विल्यम कान यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हाळी शिबिराचे मार्गदर्शक आणि वास्तुरचना कार्यालयातली माणसे यांच्यात घेतला. कामाला अर्थ वाटावा, मनातले बोलल्याने नुकसान होणार नाही याची खात्री असावी आणि अंगात तेवढे त्राण उरलेले असावे, या तीन अटी त्यांना सापडल्या. दुसऱ्या अटीचे मोल पुढे एमी एडमंडसन यांच्या रुग्णालयांतल्या अभ्यासात दिसले. चांगल्या चमूंत औषधांच्या चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. नोंदी मात्र उलट, चांगल्या चमूंतच जास्त. तिथली माणसे चुका लपवत नव्हती, हा त्याचा उलगडा.

पगाराचे स्थान फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये सांगितले ते अजून बरेचसे पटते: तो अपुरा असला की माणूस नाराज होतो, पण पुरेसा मिळाला म्हणून कामावर प्रेम जडत नाही. शुक्रवारचे खेळ, महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी वगैरे उपक्रमांनी वातावरण हलके होते, इतकेच. गॅलप संस्थेची १२ विधानांची प्रश्नावली जगभर वापरतात, आणि तिचे पहिलेच विधान अगदी साधे आहे: माझ्याकडून काय अपेक्षित आहे हे मला ठाऊक आहे. उत्साह, सहल, भेटवस्तू यांचा त्यात मागमूस नाही. अशी पाहणी करून अहवाल दाबून ठेवणे हे पाहणीच न करण्याहून वाईट. पुढच्या खेपेला सगळे डोळे मिटून ‘सहमत’वर टिचकी मारतात.

नोकरी सोडणाऱ्याची निरोपाची मुलाखत घेण्याची प्रथाही अशीच अर्धवट उपयोगाची. अनुभवपत्र आणि शेवटचा हिशेब बाकी असताना तो ‘वैयक्तिक कारण’ एवढेच सांगतो. म्हणून काही संस्था राहिलेल्यांनाच अधूनमधून बसवून विचारतात: मागच्या महिन्यात सोडून जावेसे कधी वाटले, आणि त्या दिवशी काय घडले होते?