सरोवरावरील काइटसर्फिंग

हवेने फुगवलेल्या मोठ्या पतंगाच्या ओढीवर, पायांखाली फळी घेऊन पाण्यावरून सरकण्याचा खेळ म्हणजे काइटसर्फिंग. त्याचे नाव निघाले की समुद्र डोळ्यांपुढे येतो. पण किनाऱ्यापासून दूर राहणारे अनेकजण तो सरोवरातच शिकतात. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातील ब्रुनो व डोमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये फुगवता येणाऱ्या पतंगाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पाण्यात पडलेला पतंग तिथूनच पुन्हा उडवता येऊ लागला, आणि हा खेळ नवख्यांच्या आवाक्यात आला.

आडोशाच्या सरोवरात मोठ्या लाटा नसतात, भरती-ओहोटीची धास्ती नसते. काठ उथळ असेल तर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून सराव होतो. मात्र ज्या डोंगरझाडांमुळे पाणी शांत राहते, तीच वारा बिघडवतात. त्यांच्यामागे वारा तुटक होतो, मध्येच झोत मारतो. पतंगाची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: १० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) वारा १४ नॉट झाला, की ओढ जवळपास दुप्पट. म्हणून वारा मंद आहे एवढ्यावर विसंबू नये. तो एकसारखा आहे का, हे आधी पाहावे.

मंद वाऱ्यात मोठा पतंग आणि रुंद फळी घेतात. खरी कसोटी पतंग हवेत टिकवण्याची. वारा पडला की शिकणारा घाबरून हातातला बार, म्हणजे पतंगाच्या दोऱ्या जोडलेला दांडा, छातीशी ओढतो, आणि तिथेच चुकते. बार ओढल्याने पतंगाची मागची कड खाली खेचली जाते, त्याचा उठाव जातो आणि तो मागे मागे घसरत पाण्यावर येतो. अशा वेळी बार थोडा पुढे सोडून ढील द्यायची आणि पतंग इंग्रजी आठाच्या (8) आकड्यात फिरवत ठेवायचा. फिरत्या पतंगाला स्वतःच्या वेगामुळे जास्त वारा लागतो. घाबरलेल्या हातांना ढील द्यायला शिकवणे हेच प्रशिक्षकाचे सर्वांत अवघड काम म्हणावे लागेल.

स्वित्झर्लंडमधील सिल्वाप्लाना सरोवर काइटसर्फिंगसाठी प्रसिद्ध आहे. तिथला दुपारचा वारा मालोया खिंडीवरून येतो आणि त्याच नावाने ओळखला जातो. तो फारसा मंद नसतो. सरोवर सुमारे १,७९० मीटर उंचीवर असल्याने हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक षष्ठांश विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच वाऱ्याला पतंग मोठा लागतो. हा वारा उन्हावर चालतो. आभाळ भरून आले, तर पतंग फुगवून काठावर बसलेल्यांना पाण्यात उतरायलाच मिळत नाही.