शस्त्रावरील टॉर्च व साइटमधील सेल बदलणे

घराच्या रक्षणासाठी परवान्याने बाळगलेल्या बंदुकीवर किंवा पिस्तुलावर बसवलेला टॉर्च आणि सेलवर चालणारी रेड डॉट साइट (नेम धरण्यासाठी लाल ठिपका दाखवणारे साधन) यांमधील सेल, ते संपण्याची वाट न पाहता, ठरलेल्या मुदतीने बदलण्याची पद्धत. बोलीत टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात आणि आतल्या घटकाला ‘सेल’. या नोंदीत ‘सेल’ हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, शस्त्रावर टॉर्च बसवण्याची चाल अजून विरळ आहे. दुनळी बंदूक भिंतीला आणि हातबॅटरी उशाशी, हाच जुना रिवाज. टॉर्चचे पहिले काम समोर कोण आहे हे ओळखणे होय. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की मोटार सुरू करायला निघालेला सालदार (सालाने ठेवलेला शेतगडी) किंवा शेजारी अंधारात मळ्यातल्या घराजवळून जातो, आणि तो चोर नव्हे हे उजेडावाचून कळत नाही. केवळ पाहण्यासाठी भरलेले शस्त्र कोणावर रोखणे गैर असल्याने, शस्त्रावर टॉर्च असला तरी हातबॅटरी वेगळी ठेवावीच लागते. तिचे सेलही याच मुदतीत बदलावेत.

शस्त्रावरील टॉर्चमध्ये बहुधा सीआर १२३ ए हा ३ व्होल्टचा लिथियम सेल असतो. त्याची क्षमता सुमारे १,५०० मिलिअँपिअर-तास असते आणि तो वापराविना दहा वर्षे टिकतो असे उत्पादक सांगतात. मात्र पूर्ण उजेडावर असे दोन सेल मिळून जेमतेम दीड तास पुरतात. साध्या अल्कलाइन सेलचा उजेड हळूहळू पिवळट व मंद होतो, त्यामुळे तो संपत आल्याचे डोळ्यांना दिसते. लिथियम सेल शेवटपर्यंत जवळजवळ सारखा विद्युतदाब देतो आणि मग एकाएकी खाली येतो. टॉर्च न पेटवता, म्हणजे भार न देता, दाब मोजणारा मल्टिमीटर लावला, तर निम्म्याहून अधिक वापरलेला सेलही ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो. त्यामुळे ‘अजून चांगला पेटतोय’ ही खात्री लिथियमच्या बाबतीत फारशी कामाची नाही, आणि तारीख पाहून सेल बदलणे हाच भरवशाचा मार्ग ठरतो.

रेड डॉट साइटमध्ये एका लहानशा एलईडीचा प्रकाश भिंगावरून परावर्तित होऊन डोळ्याला लाल ठिपका दिसतो. तिला वीज फारच थोडी लागते. काही उत्पादक एका सेलवर ५०,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक काळ, सांगतात. हा आकडा मध्यम तेजाचा असतो. भर उन्हात ठिपका दिसावा म्हणून तेज कमाल केले आणि तसेच राहू दिले, तर तीच मुदत कितीतरी पटींनी घटते. यातील सीआर २०३२ हा चपटा सेल २० मिलिमीटर व्यासाचा व ३.२ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या नावातले आकडे हेच सांगतात. साइटचा सेल वर्षातून एकदा आणि टॉर्चचा दर सहा महिन्यांनी, हा परिपाठ सर्वसाधारणपणे पुरेसा आहे.

खानदेशात या मुदतीत उन्हाळ्याचा हिशेब धरावा लागतो. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि उष्णतेने सेलमधली आपोआप होणारी झीज वाढते. मातीच्या धाब्याचे घर दुपारीही बरेच थंड राहते. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या जीपमध्ये ठेवलेला सेल मात्र अक्षरशः भाजून निघतो. पुन्हा चार्ज होणारे लिथियम-आयन सेल पूर्ण भरून अशा उष्णतेत पडून राहिले, तर त्यांची क्षमता कायमची घटते. अल्कलाइन सेल उन्हाळ्यात गळण्याचा धोका अधिक. डबीतल्या स्प्रिंगवर साचलेली पांढरी भुकटी ही त्याचीच खूण असते. लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ती फसफसत निघते, मग जागा कोरडी पुसून घ्यावी.

तारीख लक्षात ठेवण्यासाठी वेगळ्या स्मरणाची गरज नाही. खंडेनवमीला शस्त्र पुसून पुजायला खाली काढले जातेच. पावसाळ्याचा दमटपणा नुकताच सरलेला असतो, म्हणून टॉर्च आणि साइट या दोन्हींचे सेल त्याच दिवशी बदलावेत. टॉर्चचा दुसरा बदल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, करावा. बऱ्याच गावांत सालदाराचे साल याच सणाला ठरते, तेव्हा हिशेबाच्या वहीत एक ओळ वाढवायला हरकत नसावी. बदलाची तारीख सेलवर कागद चिकटवून लिहू नये, कारण कागदाच्या जाडीने सेल नळीत अडकतो. ती टॉर्चच्या अंगावरील पट्टीवर लिहावी.

सेल बदलण्यापूर्वी शस्त्र रिकामे करून चेंबर (नळीतली गोळी बसण्याची जागा) डोळ्याने व बोटाने तपासावे. दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक नवा आणि एक जुना घालू नये: दुबळा सेल आधी संपतो, दुसरा त्याच्यातून प्रवाह रेटतच राहतो व त्याचे ध्रुव उलटतात, आणि लिथियम सेल यामुळे तापून फुटू शकतो. झाकणाखालची रबरी रिंग चिरलेली असल्यास बदलावी. काही साइटमध्ये सेल खालच्या बाजूला असल्याने साइट शस्त्रावरून उतरवावी लागते. अशी साइट परत बसवल्यावर नेम तपासल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये.

निवडणुकीच्या काळात प्रशासनाचा आदेश झाल्यास परवानाधारकाला शस्त्र जमा करावे लागते. २०२४च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्च ते ६ जून अशी, नेमकी खानदेशच्या कडक उन्हाळ्यात होती. जमा करण्यापूर्वी टॉर्च व साइट यांतील सेल काढून घ्यावेत आणि शस्त्र परत आल्यावर नवेच घालावेत.

काढलेल्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते वेगळे ठेवावेत. चपटा सेल मुलाने गिळल्यास दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून तो देव्हाऱ्यात किंवा खिडकीत पडू देऊ नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनुसार असे सेल घरगुती कचऱ्यात न मिसळता गोळा करणाऱ्याकडे द्यायचे असतात.