एका फंक्शनला एकच रिटर्न: हा नियम आला कुठून?

फंक्शन म्हणजे प्रोग्रॅममधला नाव दिलेला तुकडा, आणि रिटर्न म्हणजे त्यातून बाहेर पडून कॉल करणाऱ्या कोडकडे परतणं. 1968 मध्ये कोडमध्ये कुठेही थेट उडी मारणाऱ्या 'गोटू' या आज्ञेवर जाहीर टीका झाली आणि स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंगने, म्हणजे उड्यांऐवजी इफ-लूपच्या चौकटींत कोड लिहिण्याने, जोर धरला. 'सिंगल एंट्री, सिंगल एक्झिट' हे सूत्र त्याच काळातलं. सगळा गुंता यातल्या 'एक्झिट' या शब्दाचा आहे.

असेम्ब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या भाषेत, सबरूटीनच्या (फंक्शनसारख्या तुकड्याच्या) मधल्या ओळीवर थेट उडी मारता येई. फोरट्रान या जुन्या भाषेत 'एन्ट्री' लिहून एकाच सबरूटीनला दोन-तीन दारं ठेवता येत. 1977 च्या प्रमाण आवृत्तीत तर 'रिटर्न 1', 'रिटर्न 2' लिहून, कॉल करणाऱ्या कोडमधल्या वेगवेगळ्या लेबलांवर (खूण केलेल्या ओळींवर) परतता येई. अशा वेळी एकच एक्झिट म्हणजे जिथून कॉल आला तिथेच परत जाणं. या अर्थाने सी भाषेत दहा रिटर्न लिहिले तरी नियम मोडत नाही. फ्लोचार्टवाल्यांचा अर्थ वेगळा: चौकटीत वरून एक बाण, खालून एक बाण. 1970 च्या पास्कल भाषेत रिटर्न नव्हताच. फंक्शनच्या नावाला व्हॅल्यू द्यायची आणि 'एंड'पर्यंत जायचं. माझ्या मते सी शिकवणाऱ्यांनी तीच सवय पुढे आणली.

नाशिकला आमच्या लॅबमध्ये, टर्बो सी या सी कंपायलरच्या निळ्या स्क्रीनच्या दिवसांत, दोन रिटर्न दिसले की जर्नलवर लाल शेरा पडायचा. कारण कुणी सांगितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. कारण होतं, आणि चांगलं होतं: सीमध्ये उघडलेली फाइल, घेतलेली मेमरी आपणच सोडायची असते, आणि मधल्या रिटर्नमुळे ते राहून जातं. पुढे, फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडलं तरी ही आवराआवर होईल अशा सोयी, म्हणजे सी++ चे डिस्ट्रक्टर, जावाचं 'फायनली', पायथनचं 'विथ', गोचं 'डिफर' आलं आणि ही काळजी बरीच मिटली. मोटारींच्या सॉफ्टवेअरसाठीच्या एका प्रसिद्ध सी नियमावलीत 2004 साली बंधनकारक असलेला हा नियम 2012 च्या आवृत्तीत केवळ सल्ला म्हणून उरला.

लासलगावच्या कांदा लिलावाचं बिल करणारं फंक्शन घ्या. वजन शून्य, परत. भाव भरलेला नाही, परत. मग हमाली-तोलाईचा हिशेब सरळ खाली वाचता येतो. एकाच रिटर्नचा हट्ट धरला की तोच हिशेब दोन इफच्या आत ढकलला जातो, वर एक फ्लॅग (हो-नाहीची खूण ठेवणारा व्हेरिएबल) सांभाळावा लागतो.

मायक्रोकंट्रोलरवर (मशीनमधल्या छोट्या कंट्रोल चिपवर) मात्र इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून तातडीच्या कामाकडे वळवणारा इशारा, बंद करून काम चालू असताना मधूनच रिटर्न झाला, तर इंटरप्ट बंदच राहतो. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या मशीनवर चालणाऱ्या अशा फंक्शनला मी आजही शेवटी एकच रिटर्न ठेवतो.