बॅकअप आहे, पण तो परत येतो का?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या डेटाबेसवर ताण वाढला होता. एक मुख्य सर्व्हर आणि दुसऱ्यावर त्याची सतत अद्ययावत होत राहणारी प्रत, अशी रचना होती. ताणामुळे प्रत मागे पडली. ती नव्याने तयार करायची, म्हणून एका अभियंत्याने तिथल्या फाइली पुसायची कमांड दिली, पण ती चुकून मुख्य सर्व्हरवर चालली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते.

खरा धक्का पुढे होता. रोजचा बॅकअप होतच नव्हता. डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे तो दर वेळी एरर देऊन थांबत होता. एररचे ईमेल निघत होते, पण पाठवणाऱ्याची खातरजमा होत नसल्याने वाटेतच नाकारले जात होते. शेवटी कामी आला तो ६ तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी कुणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची जशीच्या तशी नक्कल. मधल्या ६ तासांतला डेटा कायमचा गेला. कंपनीने मात्र काहीही लपवलं नाही, दुरुस्तीचं काम थेट प्रक्षेपित केलं आणि कारणांची सविस्तर मीमांसाही प्रसिद्ध केली. ती प्रत्येक डीबीएने, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याने, एकदा तरी वाचावी.

डीबीएच्या कामांच्या यादीत ‘बॅकअप घेणे’ हे पहिलं असतं. माझ्या मते तिथे ‘बॅकअप परत आणून दाखवणे’ असं लिहायला हवं. बॅकअप ठरावीक काळाने वेगळ्या मशीनवर उभा करायचा, टेबलांतल्या नोंदी जुळतात का पाहायचं, किती वेळ लागला ते टिपून ठेवायचं. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच ते राहून जातं.

दुसऱ्या सर्व्हरवर प्रत असली म्हणजे बॅकअपची गरज नाही, हाही एक लाडका गैरसमज. मुख्य सर्व्हर जळाला तर प्रत उपयोगी पडते. पण कुणी चुकीचं डिलीट चालवलं, तर ते काही क्षणांत प्रतीवरही इमानेइतबारे चालतं. अशा वेळी हात देतो तो लॉग. डेटाबेसमधला कुठलाही बदल मूळ फाइलींत जाण्याआधी त्याची नोंद लॉगमध्ये डिस्कवर लिहिली जाते. वीज गेली तरी सर्व्हर सुरू होताना हा लॉग वाचून अर्धवट कामं मार्गी लावतो. हेच लॉग जपून ठेवले, तर रविवारच्या बॅकअपवर ते क्रमाने चालवत मंगळवारी दुपारी २ वाजून ३४ मिनिटांपर्यंत येता येतं आणि २:३५ चं डिलीट वगळता येतं. मात्र किती मिनिटांचा डेटा गेला तर चालेल आणि किती वेळ बंद राहिलं तर चालेल, हे डीबीएने एकट्याने ठरवायचं नसतं. ज्यांचा डेटा आहे त्यांच्याकडून ही उत्तरं आधीच काढून घ्यावी लागतात.

एरवी डीबीएला फोन येतो तो ‘सगळं हळू चाललंय’ म्हणून. याचं मूळ १९७० मध्ये आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी मांडलेल्या रिलेशनल, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या, पद्धतीत वापरणाऱ्याने काय हवं तेवढंच सांगायचं असतं, ते कसं शोधायचं हे यंत्र ठरवतं. यंत्र ठरवतं ते अंदाजाने : या टेबलात नोंदी किती, या कॉलममध्ये कुठली किंमत किती वेळा येते, याची आकडेवारी ते बाळगून असतं. आकडेवारी शिळी झाली की अंदाज चुकतो आणि काल क्षणात येणारं उत्तर, प्रोग्रॅममधलं एक अक्षरही न बदलता, आज काही मिनिटं घेतं. मग डीबीए यंत्राने आखलेली योजना उघडून बघतो. अंदाज १० नोंदींचा आणि प्रत्यक्षात आल्या १० लाख, अशी जागा सापडली की निम्मं काम झालं.

कधी औषध साधं असतं, इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. त्याच्या झाडासारख्या रचनेत प्रत्येक टप्प्यावर शेकडो फाटे फुटतात, त्यामुळे १०० कोटी नोंदींतली एक नोंद साधारण ४ टप्प्यांत सापडते. पण नवी नोंद आली की त्या टेबलावरचा प्रत्येक इंडेक्सही सुधारावा लागतो. दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स लावणारे डेव्हलपर प्रत्येक डीबीएला कधी ना कधी भेटलेले असतात!

अधिकारांबाबत नियम एकच : ज्याला फक्त वाचायचं आहे त्याला फक्त वाचू द्यावं. सवयीही साध्याच असतात. डिलीट चालवण्याआधी त्याच अटीवर सिलेक्ट, म्हणजे नुसती वाचण्याची कमांड, चालवून नोंदी मोजायच्या, मग ट्रान्झॅक्शन (पक्कं होईपर्यंत मागे घेता येणारा व्यवहार) उघडून डिलीट करायचं आणि आकडा जुळला तरच कमिट, म्हणजे बदल पक्का.

क्लाउडमुळे सर्व्हर उभा करणं, पॅच (सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्त्या) लावणं, रोजचे बॅकअप ही कामं बरीचशी आपोआप होतात. तरी टेबलात एक कॉलम वाढवण्यासारखा किरकोळ बदलही दिवसाढवळ्या करायला डीबीए का कू करतो. पोस्टग्रेसचंच घ्या. हा बदल क्षणाचा, पण त्यासाठी पूर्ण टेबलावर लॉक लागतं, म्हणजे तेवढा वेळ ते टेबल दुसऱ्या कुणालाही वापरता येत नाही. आधीपासून एखादा लांबलचक रिपोर्ट त्याच टेबलावर चालू असेल, तर बदल त्याच्यामागे थांबतो आणि त्यानंतर आलेल्या साध्या वाचण्याच्या क्वेरीसुद्धा (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) बदलाच्या मागे ताटकळतात. टेबल शाबूत, सर्व्हर जवळजवळ रिकामा आणि ॲप ठप्प. म्हणून जाणता डीबीए अशा कमांडला आधीच मुदत घालतो : दोन सेकंदांत लॉक मिळालं नाही तर माघार घ्यायची आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा.