अर्ध्या फेरीची सवड

सायकलच्या पुढच्या चिमट्याला, ब्रेकच्या बोल्टात अडकवलेली एक बारीक तार. मधला भाग टायरच्या गोलाईप्रमाणे वाकवलेला आणि टायरवर जेमतेम टेकलेला. चाक फिरू लागलं की ती टायरवरून हलकेच सरकत राहते, कान दिला तर मंद खरखर ऐकू येते. बस, एवढंच यंत्र. कुठे तारेऐवजी बारीक साखळी असे. फ्रेंच सायकलस्वार त्याला ‘अराश-क्लू’ म्हणत, म्हणजे खिळे-उपट्या.

पहिल्यांदा पाहणारा हसेलच. खिळा टायरखाली यायचा रस्त्यावर आणि ही तार तर चाकाच्या माथ्याशी. म्हणजे चोर घरात शिरल्यावर माडीवर पहारा! पण या उपट्याची सगळी अक्कल त्या जागेतच आहे.

ती कळण्यासाठी आधी त्या काळचा रस्ता पाहायला हवा. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलला त्याने हवेचं टायर बसवलं आणि 1888 मध्ये पेटंट घेतलं. त्या वेळी युरोपातले रस्ते घोड्यांचे होते. घोड्याच्या एकेका नालेला सहा-आठ खिळे, नाल झिजली की ते सैल होऊन रस्त्यावर पडणार. त्यात मजुरांच्या बुटांची भर. तळवा टिकावा म्हणून त्याला रुंद डोक्याचे आखूड खिळे ठोकलेले असत. असा खिळा रस्त्यावर पडला की बरेचदा डोक्यावर उभा राहतो, टोक आकाशाकडे. आपल्याकडचा सराटा आठवा. कसाही टाका, एक काटा वर असतोच.

पंक्चर झालंच तर ते काढणंही सोपं नव्हतं. सुरुवातीचं टायर रिमला चिकटवलेलं असायचं. 1889 मध्ये एक सायकलस्वार फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेरां गावी मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात असंच फुटकं टायर घेऊन आला. दुरुस्तीला तीन तास लागले, वर गोंद वाळायला अख्खी रात्र. सकाळी एदुआर मिशेलिन हौसेने चक्कर मारायला निघाला आणि थोड्याच अंतरावर टायर पुन्हा बसलं. मिशेलिनने 1891 मध्ये सुटं होणारं टायर आणलं, त्यामागे हा अनुभव होता. त्याच वर्षी ते वापरून शार्ल तेरों पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे 1,200 किलोमीटरची शर्यत जिंकला. पुढच्या वर्षी मिशेलिनने पॅरिस ते क्लेर्मों-फेरां अशी शर्यत भरवली आणि वाटेत चक्क खिळे पसरून ठेवले. आमचं टायर किती पटकन दुरुस्त होतं ते सगळ्यांनी पाहावं, हा हेतू. असा यजमान विरळाच.

मोटारींचे हाल याहून वाईट. 1895 च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधू हवेची टायरं लावलेली गाडी घेऊन उतरले आणि जागोजागी ट्यूब बदलत बसले. सगळ्यांत आधी पोहोचला एमिल लव्हासोर, आणि त्याच्या चाकांवर भरीव रबर होतं. तरी बंधूंनी नाद सोडला नाही. 1898 मध्ये त्यांचा टायरांचा बनलेला जाड्या माणूस भिंतीवरच्या चित्रात झळकला. त्याच्या हातातल्या चषकात मद्य नव्हतं, खिळे आणि फुटक्या काचा होत्या. आमचं टायर अडथळे पिऊन टाकतं, अशी बढाई खाली छापलेली.

आता तारेकडे परत येऊ. खिळा किंवा काचेचा तुकडा टायरखाली आला की लगेच ट्यूबपर्यंत पोहोचतोच असं नाही. वर रबराचा थर, त्याखाली कापडाचे पदर. आखूड किंवा तिरका पडलेला तुकडा पहिल्या दाबात रबरात जेमतेम रुततो आणि तिथेच बसून चाकाबरोबर वर जातो. फेरी पुरी झाली की रस्त्यावर आपटून आणखी थोडा आत शिरतो. सायकलच्या चाकाचा परीघ साधारण 2.1 मीटर. म्हणजे एका किलोमीटरमध्ये सुमारे 475 फेऱ्या, तितकेच हातोडीचे घाव. सुताराला एका खिळ्याला इतके घाव घालावे लागले तर तो धंदा सोडून देईल.

खिळे-उपट्याला गाठायची आहे ती पहिल्या आणि दुसऱ्या घावामधली वेळ. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग आधी मागे जातो, मग वर. अर्धी फेरी होते न होते तोच तो चिमट्याच्या माथ्याजवळ, तारेपाशी येतो. ताशी 25 किलोमीटर वेगाने एका फेरीला साधारण 0.3 सेकंद लागतात, तेव्हा अर्धी फेरी 0.15 सेकंदाची. डोळ्याची पापणी लवायलाही जवळपास एवढाच वेळ लागतो. तेवढ्यात तार त्या तुकड्याच्या वर राहिलेल्या भागाला अडते आणि तो उडून जातो. मागच्या चाकाची तार ब्रेकच्या आडव्या पट्टीला लावलेली असते, तिथे पोहोचायला अर्ध्याहून थोडी जास्त फेरी लागते.

मागच्या चाकाला या राखणीची गरज अधिक. रस्त्यावर आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उडवतं, तो उलटापालटा होत असतानाच मागचं चाक त्याच्यावर चढतं. वजनही मागेच जास्त असतं.

हे कितपत चालायचं? माझ्या मते काम अर्धंच व्हायचं. जो तुकडा हळूहळू आत शिरतो, त्याच्यासाठी युक्ती नामी. पण धारदार खिळा पहिल्याच दाबात आरपार गेला तर तार काय करणार? एकदा डोकं रबराच्या पातळीला आलं की पकडायला काही उरतच नाही. सायकलस्वारांमध्ये यावरून वाद होतेच. आपल्या माळरानावर तर ही तार लावून फारसा फायदा नाही. बाभळीचा चार-पाच सेंटिमीटरचा सरळ काटा दुसऱ्या फेरीची वाट पाहत नाही. सराट्याचा काटा आखूड, पण सायकलच्या पातळ टायरला तेवढा पुरतो. अमेरिकेत पोहोचलेल्या सराट्याला तिथल्या लोकांनी नावच ‘पंक्चरवेल’ असं दिलंय.

दुसरा उपाय म्हणजे टायरलाच जोडा घालणं, आणि तो डनलॉपहून जुना आहे. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने 1845 मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. त्याच्या रबरी नळीवर चामड्याचं जाड आवरण होतं. पुढे 1905 मध्ये मिशेलिनने मोटारींसाठी चामड्याचा तळवा आणि त्यात पोलादी खिळे ठोकलेलं टायर आणलं. नाव ठेवलं ‘सेमेल’, म्हणजे जोड्याचा तळ. ज्या मजुरी बुटांचे खिळे इतकी वर्षं टायर फोडत होते, त्याच बुटांची नक्कल आता टायर करू लागलं. नंतर रबरात काजळी मिसळून ते कितीतरी चिवट करता आलं, तेव्हा हा चामडी थाट मागे पडला. मोटारी वाढल्या तसे घोडे रस्त्यावरून गेले आणि नालेचे खिळेही.

खिळे-उपट्या मात्र शर्यतीच्या सायकलींवर 1970 च्या दशकापर्यंत तग धरून होता. या सायकलींचं टायर नळीसारखं असे, ट्यूब आत घालून शिवून टाकलेली. पंक्चर काढायचं तर आधी शिवण उसवा, ठिगळ लावा, मग सुई-दोरा घेऊन पुन्हा शिवा. एवढी यातायात वाचवायला दोन-चार ग्रॅमची तार कोणाला जड झाली असती?

ज्यांच्याकडे तारही नसे ते काचांचा पट्टा ओलांडला की पुढे झुकून, हातमोज्याचा तळवा फिरत्या टायरवर क्षणभर टेकवत. पुढच्या चाकावर हे सोपं. मागच्या चाकासाठी हात पाठीमागे, बैठकीखाली न्यावा लागे, आणि बोटं चाक व सांगाड्याच्या नळीमधल्या सापटीत जाणार नाहीत याची काळजी घ्यावी लागे. ही सवय मुरलेले जुने शर्यतपटू आजही काच दिसली की नकळत टायरवर हात फिरवतात.