ड्रॉइंगवर न लिहिलेली अट

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत 'शाफ्ट गुळगुळीत हवा' एवढ्यावर कोणी मशीन सुरू करत नाही. व्यास २५ मिलिमीटर, टॉलरन्स (म्हणजे चालणारा फरक) अधिक-उणे ०.०२, असे ड्रॉइंगवर आल्यावरच जॉब मशीनवर चढतो. 'नीट बसला पाहिजे' ही गरज आणि मायक्रोमीटरने तपासता येणारा आकडा हे स्पेसिफिकेशन. नाशिकजवळ ओझरला जुळणी झालेल्या सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानामागे अशा असंख्य अटी असतात. त्यामुळे प्रत्येक अटीला क्रमांक देऊन ती कोणत्या गरजेतून आली आणि कोणत्या चाचणीने सिद्ध होणार, याची नोंद ठेवावी लागते.

एवढे करूनही घात होतो. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याची दिशादर्शक प्रणाली आधीच्या एरियन-४ रॉकेटवरून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली होती. तिच्यातील आडव्या वेगाशी निगडित एक संख्या ६४ बिटांतून (बिट म्हणजे संगणकातील ० किंवा १ ची एक जागा) १६ बिटांत बदलली जाई आणि तिथे ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियन-४ चा आडवा वेग सुरुवातीला बेताचा असल्याने ती मर्यादा कधी ओलांडली गेली नव्हती. एरियन-५ चा वेग मात्र फार लवकर वाढला, ती मर्यादा ओलांडली गेली आणि या प्रणालीचा संगणक बंद पडला. मुख्य संगणक बंद पडला तर राखीव होताच, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर असल्याने तो क्षणभर आधीच बंद पडला होता! विशेष म्हणजे, गणिताच्या ज्या भागात ही चूक झाली त्याचा एरियन-५ ला उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता.

यात कोणी अट मोडलेली नव्हती. चौकशीत आढळले की नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाची माहिती या प्रणालीच्या स्पेसिफिकेशनमध्ये घातलीच नव्हती. १९९९ मध्ये गमावलेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या नासाच्या मंगळयानाची गोष्ट याच्या उलट आहे: मेट्रिक एकके वापरण्याची अट लेखी होती, पण एका सॉफ्टवेअरने ती पाळली नाही. असा दोष शिस्तीने आणि तपासणीने पकडता येतो. न लिहिलेल्या गृहीतकाची चाचणी कोण घेणार?

म्हणून अटींच्या तक्त्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बहुधा रिकामाच राहणारा 'कारण' हा रकाना. 'एरियन-४ चा आडवा वेग एवढाच असतो, म्हणून १६ बिट पुरेसे' असे तिथे एक वाक्य असते, तर नव्या रॉकेटचा वेग किती, हे वाचणाऱ्याने विचारले असते.